दीड वर्ष झालं. माझ्या सगळ्या तपासण्या झाल्या, त्याची एकही नाही

कातरवेळ
रात्री उशिरा लिहितेय, कारण तो जागा असताना हे लिहायचा धीर होत नाही.

मी ३३, नवरा ३६. लग्नाला पाच वर्षं झाली. पहिली साडेतीन वर्षं मूल होऊ नये म्हणून आम्ही इतकी काळजी घेतली की ती थांबवली की लगेच दिवस राहतील, असंच दोघांनी धरलं होतं. पहिल्याच महिन्यात मी ऑफिसच्या रजांचं गणित मांडून ठेवलं होतं. आता अठरा महिने झाले. दर महिन्याला पाळी येते आणि मी बाथरूमचा नळ सोडून रडते.

रक्ताच्या तपासण्या, थायरॉईड, प्रोलॅक्टिन, सोनोग्राफी, तीन महिने फॉलिक्युलर स्टडी (बीज कधी सुटतं ते बघणारी सोनोग्राफी), गेल्या महिन्यात गर्भाशयाच्या नळ्यांची टेस्ट. सगळं नॉर्मल. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत त्याच्यासाठी सिमेन ॲनालिसिस, म्हणजे वीर्याची तपासणी, लिहून दिलं होतं. तो कागद माझ्या फाईलमध्ये अजून तसाच आहे. विचारलं की "पुढच्या आठवड्यात जातो". ते पुढचे आठवडे मी मोजायचे सोडले आहेत.

तो वाईट नाही. नळ्यांच्या टेस्टला दिवसभर बाहेर बसून होता, घरी आल्यावर माझे पाय चेपले. पण हा विषय निघाला की उठून दुसऱ्या खोलीत जातो. न दुखावता कसं बोलू? आणि तोवर मी एकटी काय करू?

पाऊलवाट
कातरवेळ, आमचा कागद अकरा महिने पडून होता. तुला एकटीला असं होतंय असं मुळीच समजू नकोस.

निशिगंध
माझा अनुभव सांगते. आम्ही दोन वर्षं सगळं करून थकलो. शेवटी मी ठरवलं, बास. ॲप काढून टाकलं, तारखा बघणं बंद केलं. चौथ्या महिन्यात दिवस राहिले. मन मोकळं ठेव, टेन्शन घेऊ नकोस. शरीराला सगळं कळतं.

अबोली७
निशिगंध, तुझं बाळ सुखरूप आहे याचा आनंदच आहे. पण हे वाक्य मी सहा वर्षं ऐकलंय, त्यामुळे गप्प बसवत नाही. "टेन्शन घेऊ नकोस" याचा ऐकणारीला लागणारा अर्थ असा, की मूल होत नाही ते तुझ्या डोक्यामुळे. माझ्या दोन्ही नळ्या बंद होत्या. मी कितीही शांत झाले असते तरी त्या उघडल्या नसत्या.

स्टेथो
मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. कोणालाही न तपासता औषध सांगणार नाही, पण काही गोष्टी स्पष्ट करते.

आधी निशिगंध यांच्या मुद्द्याबद्दल. स्त्रीचं वय चाळिशीच्या आत असेल आणि संबंध नियमित असतील, तर १०० पैकी ८० हून अधिक जोडप्यांना पहिल्या वर्षात दिवस राहतात. उरलेल्यांपैकी साधारण निम्म्यांना दुसऱ्या वर्षात राहतात, काहीही उपचार न करता. त्यामुळे "प्रयत्न सोडले आणि झालं" असं खूप जणींच्या बाबतीत घडतं. ते प्रयत्न सोडल्यामुळे घडलं की घडणारच होतं, हे एका घरावरून ठरवता येत नाही. २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १४ अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता. उपचाराआधीच्या मानसिक ताणामुळे आयव्हीएफसारख्या (बीज शरीराबाहेर लॅबमध्ये फळवण्याच्या) उपचारांत यशाची शक्यता कमी होते, असं त्यात दिसलं नाही. ताण कमी करायचा तो स्वतःला बरं वाटावं म्हणून.

आता मूळ प्रश्न. वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत तर तपासणी सुरू करायची. वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांनीच. पाळी अनियमित असेल किंवा पूर्वी पोटाचं मोठं ऑपरेशन, जंतुसंसर्ग झाला असेल तर तेवढंही थांबू नये. आणि तपासणी दोघांची, एकाच वेळी. जवळपास निम्म्या जोडप्यांमध्ये पुरुषाकडचं कारण असतं, कधी एकटं, कधी स्त्रीच्या कारणासोबत. तुमच्या नळ्यांत रंग सोडून एक्सरे काढले. त्याच्या वाट्याला एक डबी आहे. मी माझ्या पेशंटना सांगते की पहिल्या दिवशी सगळ्यात साधी, न दुखणारी तपासणी आधी करायची, आणि ती पुरुषाची असते.

कातरवेळ
स्टेथो, "त्याच्या वाट्याला एक डबी आहे" हे वाचून आधी रडू आलं आणि मग राग आला. आजवर मला त्याचा राग आलेलाच नव्हता. आता आलाय.

रानवारा
पुरुष आहे म्हणून लिहितो. राग येऊ दे, तो रास्त आहे. पण दुसऱ्या खोलीत जाणाऱ्या माणसाच्या डोक्यात काय चालतं ते सांगतो, कारण तो माणूस मी होतो.

मला भीती टेस्टची नव्हती, उत्तराची होती. रिपोर्ट येत नाही तोवर कारण कोणाचंच नाही. एकदा आला की ते माझं. लहानपणापासून मूल न होण्याची गोष्ट मी फक्त बायकांबद्दल ऐकली होती. पुरुषाला या बाबतीत काही झालं तर तो काय म्हणतो, कोणाशी बोलतो, हे कधी ऐकलंच नव्हतं. त्यामुळे मला शब्दच सुचत नव्हते.

शेवटी बायकोनं एका रविवारी सांगितलं, "काहीही आलं तरी मी हे तुझ्या आईला किंवा माझ्या आईला सांगणार नाही. सांगायचं की नाही ते तू ठरव." तेवढ्यानं मी गेलो. कातरवेळ, हे वाक्य वापरून बघा.

रिपोर्टमध्ये एकही शुक्राणू नव्हता. शून्य. पंधरा दिवस मी कोणाशी नीट बोललो नाही. मग युरॉलॉजिस्टकडे गेलो. त्यांनी विचारलं, जिममध्ये काही घेता का? मी घेत होतो. तिथल्या एकानं दिलेली इंजेक्शनं, वर्षभर. टेस्टोस्टेरॉन होतं ते. मला वाटायचं, पुरुषी हार्मोन आहे, म्हणजे झाला तर फायदाच. त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. बाहेरून हार्मोन आलं की मेंदू समजतो पुरेसं आहे, आणि वृषणांना काम करायचा जो निरोप पाठवायचा तो थांबवतो. निरोप थांबला की शुक्राणू बनणं थांबतं.

इंजेक्शनं बंद केली, त्यांनी दिलेलं औषध घेतलं, आणि दहा महिन्यांनी काउंट वर आला. सगळ्यांचा असा परत येतोच असं नाही, माझा आला. मुलगी आता तीन वर्षांची आहे. पण मी जो वेळ घालवला त्यात माझी बायको दोनदा भूल घेऊन टेबलावर झोपली होती. नको असलेल्या तपासण्यांसाठी. त्याबद्दल मी तिची माफी मागितली आहे, आणि ती मागून संपणारी नाही हे मला माहीत आहे.

पाऊलवाट
रानवारा, हे लिहिल्याबद्दल खरंच आभार. माझ्या भावाला ही लिंक पाठवतेय.

चांदणचुरा
थोडं वेगळं विचारते. मी ३१. माझं एएमएच ०.९ आलंय. रिपोर्टवर लाल अक्षरं. मैत्रीण म्हणाली, तुझ्याकडे वर्षच उरलंय. तीन रात्री झोप नाही. आम्ही प्रयत्न सुरू करून चारच महिने झालेत.

स्टेथो
चांदणचुरा, एएमएच हा अंडाशयात शिल्लक असलेल्या साठ्याचा अंदाज आहे. आयव्हीएफची इंजेक्शनं दिल्यावर साधारण किती बीजं मिळतील, हे ठरवायला तो उपयोगी पडतो. बीज चांगलं आहे की नाही हे त्यातून कळत नाही. एका महिन्यात एकच बीज बाहेर पडतं, साठा मोठा असो वा छोटा. २०१७ साली जामा या नियतकालिकात ३० ते ४४ वयाच्या, वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या स्त्रियांचा अभ्यास आला होता. त्यात कमी एएमएच असलेल्यांना नैसर्गिकरीत्या दिवस राहण्याची शक्यता इतरांपेक्षा कमी दिसली नाही. दोन-तीन मुलं हवी असतील तर फार लांबवू नका, इतकंच. आज झोपा.

चांदणचुरा
झोपते. मनापासून थँक्यू.

मीनाक्षी_र
माझी गोष्ट कोणत्याच खणात बसत नाही म्हणून आजवर कुठे लिहिली नाही. मला सात वर्षांचा मुलगा आहे. त्याच्या वेळी पहिल्याच महिन्यात दिवस राहिले. आता चार वर्षं प्रयत्न चालू आहेत. कोणाला सांगितलं की उत्तर ठरलेलं: "एक आहे ना, आनंद मान." आनंद आहेच. पण तो रोज विचारतो, माझ्याशी खेळायला कोणी का नाही, आणि मी भांडी घासत पाठमोरी राहते.

मला एंडोमेट्रिओसिस निघालं, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढतं तो आजार. पाळीत दुखून मी कॉलेजपासून आडवी पडायचे. सगळे म्हणायचे, दुखतंच, बाळंतपणानंतर थांबेल. थांबलं नाही, वाढलं. दहापैकी साधारण एका स्त्रीला हा आजार असतो हे मला ३५ व्या वर्षी कळलं. इथे वाचणाऱ्या मुलींनो, पाळीमुळे दर महिन्याला कामावर जाता येत नसेल, संबंधाच्या वेळी आत खोल दुखत असेल, तर मूल हवं असो नसो, दाखवा. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे हा आजार नाहीच, असं नसतं. माझ्या दोन सोनोग्राफी नॉर्मल होत्या, लॅप्रोस्कोपीत (पोटात दुर्बीण घालून बघतात त्यात) दिसलं.

अबोली७
मीनाक्षी, ही लांबलचक मिठी. "एक आहे ना" म्हणणाऱ्यांना वाटतं, दुःखाला रांगेत उभं राहावं लागतं.

गोकर्ण
लोकांना काय उत्तर द्यायचं यावर माझा उपाय. "काय मग, गोड बातमी कधी?" असं विचारलं की मी त्यांच्याकडे बघून अगदी प्रेमानं म्हणायचे, "आली की पहिला फोन तुम्हालाच, पहाटे तीन वाजता असला तरी." बहुतेक जण तिथेच थांबायचे. एका काकूंना मात्र खरंच पहाटे फोन केला, मुलगा झाला तेव्हा. त्या रडल्या. म्हणाल्या, मी तेव्हा विचारायला नको होतं. तेव्हापासून त्या माझ्या सगळ्यात जवळच्या काकू आहेत.

निशिगंध
परत आले. स्टेथो आणि अबोली७ यांचं दोनदा वाचलं. अबोली, मला तुला दोष द्यायचा नव्हता, पण ते तसं लागतं हे खरं आहे. मी स्वतःसुद्धा ऐकून चिडायचे आणि झाल्यावर तेच सांगायला लागले. एवढं मात्र सांगते, ॲप काढल्यावर आमच्यातली भांडणं थांबली. तारखेच्या हुकमावरून जवळ यायचं यानं आमचं नातं कोरडं पडलं होतं.

स्टेथो
निशिगंध, त्याला शंभर टक्के अनुमोदन. तारखेला बांधून घ्यायची गरजही नसते. बीज बाहेर पडल्यावर १२ ते २४ तास टिकतं, शुक्राणू मात्र पाच दिवसांपर्यंत राहू शकतात. म्हणजे महिन्यातले साधारण सहा दिवस उपयोगाचे, बीज बाहेर पडायच्या आधीचे पाच आणि तो दिवस. दर दोन-तीन दिवसांनी जवळ आलात तर ते आपोआप साधतात. चौदावा दिवस सगळ्यांना लागू नाही. बीज साधारणपणे पुढच्या पाळीच्या १४ दिवस आधी सुटतं, त्यामुळे ३५ दिवसांचं चक्र असेल तर ते २१ व्या दिवसाच्या आसपास. नंतर पाय वर करून झोपायची गरज नाही. बाजारातली बरीच वंगणं शुक्राणूंची हालचाल मंदावतात, ती टाळा. आणि फॉलिक ॲसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम, दिवस राहण्याच्या आधीपासून. काहींना जास्त लागतं, ते डॉक्टरांना विचारून.

दूरदेशी
इतका त्रास करून घेण्यापेक्षा दत्तक का घेत नाहीत लोक? एका मुलाला घर मिळेल.

ओंजळभर
दूरदेशी, मी दत्तक मुलीची आई आहे, म्हणून उत्तर देते. माझी मुलगी कोणाच्या अपुऱ्या राहिलेल्या उपचारांवरचा इलाज नाही. आम्ही उपचार थांबवले, दीड वर्ष काहीही केलं नाही, त्या न झालेल्या बाळाचं दुःख पुरतं भोगलं, आणि मग एक दिवस दोघांनाही वाटलं की आता घरात मूल हवंय, आपल्या रक्ताचं असण्याची गरज उरली नाही. मग अर्ज केला. ही पायरी चुकवून आलेलं मूल आयुष्यभर तुलनेत जगतं. ज्यांना हा रस्ता आपला वाटतो त्यांनी मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, सगळं सांगेन. पण अठराव्या महिन्यात रडणाऱ्या बाईला हे सुचवू नका.

दूरदेशी
पटलं. विचार न करता लिहिलं, क्षमस्व.

साखरझोप
विषय थोडा भरकटवतो. इतिहास वाचायची आवड आहे. जगातली पहिली आयव्हीएफ बाळ लुईस ब्राऊन, जन्म २५ जुलै १९७८. तिच्या आईच्या नळ्या बंद होत्या आणि नऊ वर्षं ती वाट बघत होती. रॉबर्ट एडवर्ड्स, पॅट्रिक स्टेप्टो आणि जीन पर्डी या तिघांनी ते काम केलं. एडवर्ड्सना नोबेल मिळालं २०१० मध्ये. तोवर स्टेप्टो आणि पर्डी दोघंही हयात नव्हते. पर्डीचं नाव तर कितीतरी वर्षं कोणी घेतच नव्हतं.

पण मला महत्त्वाचं वाटतं ते १९९२ साल. आयव्हीएफ आल्यावरही काउंट फारच कमी असलेल्या पुरुषांना त्याचा उपयोग होत नव्हता. त्या वर्षी ब्रुसेल्सच्या चमूनं इक्सीनं झालेल्या गर्भधारणांचा पहिला अहवाल दिला. एकच शुक्राणू निवडून सुईनं थेट बीजात सोडायचा. माझा काउंट एका मिलीलीटरला दोन लाख होता. माझ्या वडिलांच्या काळात मला मूल झालं नसतं. माझा मुलगा या क्षणी शेजारी बसून मला टाईप करू देत नाहीये.

अबोली७
नळ्या बंद असलेल्या माझ्यासाठी ती नऊ वर्षं फार ओळखीची आहेत. हे माहीत नव्हतं, साखरझोप.

सांजसावली
सगळ्यांच्या गोष्टी बाळापर्यंत पोचल्या. माझी नाही. म्हणून लिहितेय, कारण मी वाचत होते तेव्हा मला अशी गोष्ट कुठेच सापडत नव्हती.

आमचं निदान "अनएक्सप्लेन्ड". सगळे रिपोर्ट चांगले, कारण सापडत नाही. लोक म्हणायचे, चला, काही दोष तर नाही. मला मात्र दोष हवा होता. नाव असलेला, औषध असलेला.

तीन आययूआय (शुक्राणू नळीनं थेट गर्भाशयात सोडतात तो उपचार), चार आयव्हीएफ. पहिल्या आयव्हीएफच्या वेळचे आकडे मला अजून पाठ आहेत. ११ बीजं निघाली, ८ परिपक्व, ६ फळली, पाचव्या दिवशी उरले २ भ्रूण. रोज सकाळी लॅबचा फोन आणि रोज आकडा कमी. एक ठेवला, एक गोठवला. मग दोन आठवडे वाट. त्या दिवसांत मी जिना उतरताना कठडा धरायची. दुसऱ्या वेळी दिवस राहिले आणि सातव्या आठवड्यात गेले. तेव्हा लोक म्हणाले, निदान राहतात हे तर कळलं.

आम्ही आधीच ठरवलं होतं, तीन वेळा आणि बास. तिसऱ्यानंतर मी ते मोडलं. नवऱ्याला नको होतं, माझ्यासाठी तो हो म्हणाला. चौथी वेळ मी त्याच्यावर लादली आणि ती आमच्या लग्नातली सगळ्यात एकाकी वेळ होती. आज कोणी विचारलं तर सांगेन, आकडा ठरवा, पण त्यासोबत हेही ठरवा की तो मोडायचा झाला तर दोघांपैकी एकाचा नकार पुरेसा असेल.

थांबून सहा वर्षं झाली. दोघंच आहोत. काही दिवस अजून जड जातात. शाळा सुटायच्या वेळी मी त्या रस्त्यानं जात नाही. बाकी दिवस आम्ही चांगले जगतो. त्यानं सतार शिकायला घेतली, मी रोज पोहते. गोठवलेल्या भ्रूणांबद्दलचं शेवटचं पत्र आलं तेव्हा सही करताना माझा हात थरथरला. त्यानं पेन माझ्या हातासकट धरलं आणि आम्ही दोघांनी मिळून सही केली.

मीनाक्षी_र
सांजसावली. काहीच लिहिता येत नाहीये. वाचलं, एवढंच सांगते.

रानवारा
तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. आम्ही दोघं बराच वेळ काही बोललो नाही. लिहिलंत हे फार बरं केलंत.

कातरवेळ
सात आठवड्यांनी धागा वर काढतेय. सगळ्यांचं सगळं वाचलं, काही तर पाठ झालंय.

रानवारा यांचं वाक्य वापरलं. "सांगायचं की नाही ते तू ठरव." तो बराच वेळ भिंतीकडे बघत होता. मग म्हणाला, कागद कुठे आहे? मी फाईल आणून दिली. तेव्हा त्यानं सांगितलं की त्याच्या एका काकांना मूल नव्हतं, आणि घरात सगळे त्यांच्या मागे त्यांना काय म्हणायचे ते त्यानं लहानपणी ऐकलं होतं. पाच वर्षांत मला हे माहीत नव्हतं.

रिपोर्ट आला. काउंट ९ दशलक्ष, हालचाल एकूण २४ टक्के. मला राग येईल असं वाटलं होतं. आला नाही. त्याचा चेहरा बघून फक्त वाटलं, दीड वर्ष हा हे एकटा उचलत होता, न बघताच. रात्री आईला फोनही त्यानंच केला. स्पीकरवर ठेवला नाही, मी विचारलंही नाही.

स्टेथो, हे कितपत वाईट आहे? आणि टेस्टच्या तीन आठवडे आधी त्याला सडकून ताप आला होता, त्याचा संबंध असू शकतो का?

स्टेथो
असू शकतो. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, त्यामुळे मोठ्या तापाचा परिणाम त्यानंतर दोन-तीन महिने रिपोर्टमध्ये दिसू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेत खालची मर्यादा मिलीलीटरला १६ दशलक्ष आणि एकूण हालचाल ४२ टक्के अशी आहे. पण ही पास-नापासाची रेघ नाही. वर्षभराच्या आत ज्यांच्या जोडीदाराला दिवस राहिले अशा पुरुषांपैकी सगळ्यात खालच्या पाच टक्क्यांची ती पातळी आहे, म्हणजे त्याखाली असूनही वडील झालेले आहेत. एका रिपोर्टवर निष्कर्ष काढू नये. तीन महिन्यांनी पुन्हा करा. दरम्यान युरॉलॉजिस्टना दाखवा, त्यांनी उभं करून तपासायला हवं. वृषणाजवळच्या शिरा फुगलेल्या असणं, म्हणजे व्हेरिकोसील, खूप पुरुषांमध्ये सापडतं आणि काहींमध्ये त्यावर इलाज करून फरक पडतो. सिगारेट असेल तर बंद. लॅपटॉप मांडीवर नको.

कातरवेळ
सिगारेट नाही. लॅपटॉप मांडीवरच असतो, आजपासून टेबलावर. युरॉलॉजिस्टची वेळ पुढच्या गुरुवारी आहे, दोघं जातोय. त्याचा एक प्रश्न आहे, लाजून मला लिहायला सांगतोय: लॅबमध्ये त्याला फार अवघड गेलं, पुढच्या वेळी घरून नमुना नेला तर चालतो का?

रानवारा
चालतो, पण लॅबला आधी विचारून घ्या. डबी त्यांचीच आणा. आधी दोन ते सात दिवस संबंध नको, आणि दोन्ही वेळा तितकेच दिवस ठेवा म्हणजे तुलना नीट होते. साधा काँडम, वंगण काहीही वापरू नका. थोडा जरी सांडला तरी लॅबमध्ये सांगा, सुरुवातीच्या भागातच सगळ्यात जास्त असतात. तासाभराच्या आत पोचवा, आणि डबी बॅगेत न ठेवता शर्टाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा. मी तशीच नेली होती. गाडी बायकोनं चालवली.